हरेशच्या नावची पावलं

चट्... चट्... चट्... चट्! असा आवाज यायचा, तुमाला सांगतो, पहाटे चारला आमच्या घरावरनं, आणि एका माणसाचा नाय हो, पन्नास-साठ माणसांच्या रबरी चपलांचा! सगळा पाडा आटगाव स्टेशनाला निघालेला, कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणाच्या डोक्यावर भाजीची पाटी, दीड कोस बांधाबांधानं, आणि कुणाला विचारलं, दमलास काय रे, तर तो बोलायचा, दमायला काय झालं, चालतोय नुसता! गेला तो आवाज. आता पहाटे काय ऐकायचं? गाडीचं बटण, आणि फर्रर्र! स्टेशनापर्यंत बसून, गाडीत बसून, कचेरीत बसून, परत बसून घरी, घरात आल्यावर म्हणायचं, दमलो जरा बसतो... आणि वर डॉक्टर विचारतो, "चालता की नाही?" अहो डॉक्टर, चालायचं कुठं, ते सांगा ना आधी!

मी तसा बोलणारा माणूस नाय. तिसरीत शाळा सुटली, पुढं सगळा जन्म बैलांशी बोलण्यात गेला, आणि बैल कधी मधे तोंड घालत नाय, म्हणून आज बोलायला लागलोय तर तुमीपण घालू नका.

तर माझा पोरगा हरेश. एक्केचाळीस वर्षांचा, कल्याणला कचेरीत कॉम्प्युटरवर काम. काम म्हणजे काय, बोटं हलतात, बाकी सगळा हरेश गप. गणपतीनंतर त्याला चक्कर आली, शहापूरला नेला, रक्त काढलं, साखर निघाली. डॉक्टर बोलला, "तीन महिने देतो. रोज आठ हजार पावलं चालायचं, फोन आपोआप मोजतो. साखर उतरली तर गोळीवर भागेल, नाही तर सुई सुरू करू." सुई नको डॉक्टर, मी मधेच बोललो. कारण हरेशची आई, आमची जनी, ती ह्याच साखरेनं गेली, आधी अंगठा, मग पाऊल, मग... जाऊ द्या. तिच्या सुईची रिकामी डबी अजून आमच्या फळीवर आहे, फेकायला हात होत नाय.

दुसऱ्या दिवशी सहाला हरेश निघाला, नवे बूट घालून! मी म्हटलं, स्टेशनाच्या जुन्या वाटेनं जा रे, बांधाबांधानं, सावली आहे. गेला. दहा मिनिटांत परत. "आबा, बांध कुठंय?" अरे, कुठंय म्हणजे? जाऊन बघतो तर खरंच नाय! मुंबईवाल्यांचे प्लॉट, ही एवढी भिंत, भिंतीवर काचा, फाटकावर वॉचमन, आणि तो मलाच बोलतो, "ओ काका, इधर से नहीं, प्रायव्हेट है!" प्रायव्हेट? ह्या बांधावर माझ्या बापानं मला खांद्यावर नेलाय रे! पण वॉचमनला माझा बाप कसा माहीत असणार, तो बिहारचा, त्याचा बाप तिकडं.

मग हायवेनं गेला. हायवे केवढा झालाय, बघितलाय ना? ट्रक बाजूनं गेला की वाऱ्यानं माणूस नाल्यात! आणि त्या नाल्यात आमच्या पाड्याची तीन माणसं गेलीत आजवर. नको म्हटलं, साखर परवडली. राहिला गावातला रस्ता. आता तुमी म्हणाल, गावातल्या रस्त्याला काय झालं? तुमाला आमचं गाव माहीत नाय!

आमच्याकडं काय आहे, माणूस चालतो तो कामाला. विळा घेऊन चालतो, हंडा घेऊन चालतो, बकरीमागं चालतो. रिकाम्या हातानं, सकाळच्या पारी, भरभर माणूस चालतो तो एकाच ठिकाणी... मयतीला! तर हरेश निघाला, हात मोकळे, मान खाली, आणि मागनं शेजारच्या दिपेशची मोटरसायकल. करकचून ब्रेक! "हरेशदा! कोण गेलं?"

"कोण नाय रे. चालतोय."

"चालतोय? का? गाडी बंद पडली?"

"नाय रे, गाडी चांगली आहे."

"मग बस ना! बस, बस, लाजतोस काय, मी काय परका आहे?"

नाय बसला तर दिपेशला राग, बसला तर डॉक्टरला राग! बसला बिचारा. तीनशे पावलं झाली होती. पुढच्या दिवशी तानी आजी ओट्यावरनं, ती काय हळू बोलते? "हरेश रे! घरात भांडलास काय? पूजानं चहा नाय दिला काय रे बाळा? ये, माझ्याकडं पी!" आणि साखर घातली चार चमचे. तिसऱ्या दिवशी नळावर बायांनी पूजाला, माझ्या सुनेला, गाठलं. पूजा घरी येऊन हंडा आदळते! "आबा, सांगा ह्यांना! बाया विचारतात, हरेशची नोकरी सुटली काय गो, पायी फिरतोय तो! मी काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, हरेश, चूक आपलीच, हातात कायतरी धर रे. म्हणजे माणूस कामाला निघालाय असं वाटतं. त्यानं पाण्याची बाटली धरली. डॉक्टरनंच सांगितलं होतं, पाणी पीत जा. तर आता कुणी थांबवेना! बायामाणसं तोंड फिरवायला लागली, म्हातारी माणसं खाकरून बाजूला व्हायला लागली... आणि शेवटी दिपेशच, गाडी बाजूला घेऊन, हळूच, "हरेशदा, घरचा संडास तुंबला काय? आमच्याकडं ये ना, उघड्यावर कशाला जातोस, दंड आहे आता!"

संपलं. पाचव्या दिवशी बूट फळीखाली. हरेश एवढंच बोलला, "आबा, मी चालेन हो. पण चालायचं कुठं, ते सांगा." आणि गाडीवर बसून गेला. मी दारात उभा. ज्या पोराला बोटाला धरून चालायला शिकवला, त्याला चालायला हातभर जागा दाखवता येईना मला.

रात्रभर जनीची डबी डोळ्यांसमोर. आणि पहाटे आठवलं... नवस! हरेश जन्माला आला तो उलटा, सगळे बोलले जगत नाय, तेव्हा जनीनं म्हसा गावच्या देवाला नवस बोलला, पोर जगलं तर अनवाणी पायी येईन. पण बाळंतीण कशी चालणार? मग मी गेलो. दोन दिवस चाललो, जत्रेत कपाळ टेकवलं आणि सांगितलं, देवा, ही पावलं जनीच्या नावची. देवानं मांडून घेतली! कधी विचारलं नाय, बोलला कोण आणि चालला कोण. आमच्याकडं असंच आहे, बापाचं पोरानं फेडायचं, बायकोचं नवऱ्यानं फेडायचं. मग मला सांगा, देवाला चालतं ते डॉक्टरला का चालू नये?

हरेशचा फोन रात्री फळीवर चार्जिंगला असतो. तो उठतो साडेसहाला. मी पाचला फोन काढला, बंडीच्या खिशात घातला, खांद्यावर विळा, डोक्यावर टोपली, आणि चपला काढून ठेवल्या, नवसाचं चालणं ते. निघालो. दिपेश गेला, नुसती मान हलवली. तानी आजी बोलली, "गवताला काय रे, कोंडू?" कोंडू म्हणजे मी. बस्स! मला सगळी वाट मोकळी, कारण माझ्या डोक्यावर टोपली! प्रत्येक वळणावर मनात म्हणायचो, देवा, हरेशच्या नावची रे. आकडे वाचता येतात मला. आठ हजार एकशे बारा!

आता हरेशला सांगावं की नाय? नवसाचं बोलून दाखवत नाय आमच्यात. फोन परत फळीवर ठेवला. तो संध्याकाळी फोन बघून ओरडला, "पूजा! साडेनऊ हजार! अगं, ऑफिसात आपण केवढे फिरतो, कळतच नाय!" आणि काय सांगू, तेव्हापासून जो थोडाफार अंगणात फेऱ्या मारायचा त्या बंद. लिफ्टनं जायला लागला. जेवताना भात वाढून घ्यायला लागला, एवढं चालतोय म्हटल्यावर! मला दिसत होतं हो. पण फोनातले आकडे बघून त्याचा चेहरा असा उजळायचा... की दुसऱ्या दिवशी पाचला मी परत टोपली उचलायचो. टाचेत बाभळीचा काटा मोडला तरी एक दिवस खाडा नाय केला.

तीन महिने झाले, परवा शहापूरला गेलो दोघं. डॉक्टरनं फोन बघितला आणि उभाच राहिला! "वा हरेश! पहिले पाच दिवस सोडले, तर एक खाडा नाही! माझा एक पेशंट असा नाही!" हरेश हसला. मीपण हसलो. मग डॉक्टरनं रक्ताचा कागद उघडला... आणि खाली बसला. "एवढं चालूनसुद्धा साखर वाढली? मग चालण्यानं भागायचं नाही. सुई सुरू करू."

"डॉक्टर, पण मी तर एवढा चाललो..." हरेशचा आवाज असा झाला, सातवीत नापास झाला होता तेव्हा झाला होता तसा. मी खुर्चीत. बोलायचं होतं, खरंच. तेवढ्यात डॉक्टरनं सुईची चिठ्ठी लिहून दिली.

बाहेर आलो. हरेशनं फोन माझ्या हातात दिला, चिठ्ठी पाकिटात घालायला. मोटरसायकल समोर उभी. आणि मी बोललो. "हरेश... ती पावलं माझी रे. पहाटेची. तुझ्या नावानं चाललो मी. आत जाऊ, डॉक्टरला सांगू, अजून तीन महिने माग."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं, माझ्या पायांकडं, टाचेला चिंधी बांधलेली. शिवी तरी द्यायची रे! आबा, माझा जीव घेतलात, असं तरी बोलायचं! नाय. मोटरसायकलच्या बाजूनं गेला, फाटकातनं बाहेर, आणि निघाला हायवेच्या कडेनं आटगावच्या रोखानं, तीन कोस, त्या ट्रकांमधनं, भरभर, हात मोकळे, मान खाली. मी हाका मारल्या. वळला नाय.

आणि मी तिथंच, जागचा हललो नाय, म्हटलं आता आपलं एकपण पाऊल ह्या मोजणीत पडायला नको... कारण तीन महिन्यांत पोरगा पहिल्यांदा खरा चालला, आणि फोन माझ्या हातात!