व्यंकटीचं वय सतरा

आता तुम्हीच सांगा, माणसं मोजायला अशी काय अक्कल लागती हो? दार वाजवायचं, विचारायचं, 'घरात राहतं कोण?' झालं काम! पण न्हाई... माझ्या नशिबी भामाबाईचं घर!

तुम्हाला सांगतो, मी सुगत, सर्व्हेवाला. जनगणना नव्हे हां, ती दहा वर्षांनी येती. आपलं कायम चालू. लातुरातली एकच गल्ली, दर सहा महिन्यांनी तीच दारं... कोण जन्मलं, कोण वारलं, कोण नवीन आलं? भूकंपानंतर खेड्यांतली माणसं आली, मग क्लासेसची पोरं आली, गल्ली अशी फुगली की चड्ड्या वाळवायला दोरी पुरंना! आणि भामाबाईकडं? 'घरात राहतं कोण?' 'मी आन् माझा व्यंकटी. सतरा वर्षांचा.' पुढच्या खेपेला? सतरा. चार वर्षांनी? सतराच! बरं, व्यंकटी दिसायचा न्हाई का? दिसायचा की! एकदा काडीसारखा, एकदा गुबगुबीत, एकदा तर दाढीवाला! त्या दाढीला मी कोपऱ्यात घेतलं. तो म्हणतो, 'काका, माझं नाव मुनीब, मी अहमदपूरचा. बारावीला हाय, खोली भाड्यानं घेतलीय. पण मावशीनं व्यंकटी म्हणून हाक मारली की ओ द्यायची... आधीचा पोरगा जाताना सांगून गेलाय.'

खरा व्यंकटी सतराव्या वर्षीच भूकंपात घराखाली गाडला गेलेला हो!

माझे कागद बघून आमचे साहेब तापले. 'सुगत! सगळं लातूर बदलतंय आणि या पोराचं वय वाढेना? मुलगा वारला, असं बाईच्या तोंडून वदवून घ्या, न्हाईतर नोकरी विसरा!' गेलो. विचारलं. बाई शांतपणे म्हणाली, 'मला काय ठावं न्हाई का, बाबा? त्या ढिगाऱ्यावर उभी राहून लई हाका मारल्या. कुणी ओ दिली न्हाई. आता घरात हाक मारली की ओ यावी... एवढंच.' त्या दिवसापासून घरी ताटावर बसलो की तीच हाक माझ्या कानात. साहेबांना सांगितलं, बाई घरी नव्हती.

मग मोठमोठाली हॉस्टेलं झाली, पोरं तिकडं गेली, भामाबाईची खोली रिकामी. आणि नेमके तेव्हाच साहेब तपासायला जातीनं आले! 'बोला बाई, घरात राहतं कोण?' 'मी आन् व्यंकटी.' 'कुठाय? बोलवा!' बाईनं हाक मारली... 'व्यंकटीऽऽ!' सगळं गप. परत मारली. ती कान लावून उभी, चेहरा पांढराफटक... मला बघवंना हो! आणि माझ्याच तोंडातून निघालं,

'ओ, आई!'

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या टकलाकडं बघितलं. मग खाली मान घालून हळूच विचारलं, 'वय?'

'सतरा,' बाई म्हणाली. 'बस रे व्यंकटी, भाकरी निवायली.'

एक माणूस दोनदा मोजायचा न्हाई, हा आमच्या खात्याचा पहिला नियम! आणि मी? माझ्या घरी सुगत, तिकडं व्यंकटी... काय करता! आता दोन्हीकडं जेवावं लागतं!