मनातसुद्धा घ्यायचं नाही असं नाव

नाव घ्या म्हणे! अहो, घेऊ कसं? तुम्हाला सांगते बायांनो, तो नागपूरचा साहेब शिकलेला खरा, पण एवढंसं त्याच्या डोक्यात शिरेना! आमच्या ओसरीवर मुक्काम, संगतीला ही एवढी बॅटरी, तारांचा गुंता, अन् तांब्याची एक टोपी... म्हणे, "बाई, टोपी घाला, माणसाचं नाव मनात घ्या अन् हुकूम द्या. तुमच्या मनातलं थेट त्याच्या मनात उमटेल, अन् तो तसंच करेल!" म्हटलं, काहीतरीच! घातली टोपी. मनात म्हटलं, 'वारलू, नाच!' तर आमचा वारलू कोतवाल, दवंडी द्यायला निघालेला, भर रस्त्यात गिरक्या घेऊ लागला! 'नानाजी पाटील, माझं अंगण झाडा!' ...आले हो! मिशीला पीळ तसाच, हातात फडा, अन् तोंडानं, "काऊन झाडून राह्यलो बाप्पा मी? मले थांबवा ना कोनी!" हसून हसून माझ्या पोटात कळा!

मग आठवली आमची भागीरथा. पोरगी सातवी पास झाली, पुढं ब्रह्मपुरीच्या शाळेत जायचं म्हणून जेवणसुद्धा सोडलं तिनं, अन् आमच्या घरधन्याचं एकच, "नाई म्हनलं का नाई!" म्हटलं, आता दाखवते... पण नाव घ्या म्हणे! सबंध गावाला नाचवीन, पण नवऱ्याचं नाव? मनातसुद्धा कधी घेतलं नाही! 'अहो' म्हणून पाहिलं, 'भागीरथाचे बाबा' म्हणून पाहिलं... टोपी ढिम्म! साहेब कपाळ बडवतो, "बाई, नाव!"

शेवटी सुचलं. उखाण्यात तर चालतं ना? घेतला मनात, 'बांधीच्या पाण्यात एका पायावर बगळा, गुणवंतरावांच्या संसारात आनंद सगळा!' आता शाळेचं सांगणार, तोच... अहो, टोपीनं उखाणाच हुकूम धरला! आमचे हे धानाच्या शेतात, बांधीच्या साचल्या पाण्यात, एक पाय वर, मान लांब, अन् चेहऱ्यावर आनंद... कसा? सगळा!

चिखलानं माखलेले घरी आले. टोपी ओढून स्वतःच घातली. "थांब, आता तुले दाखवतो!" डोळे मिटले... उघडले. कपाळाला आठ्या... पुन्हा मिटले. जन्मभर 'ऐकतं का वं' अन् 'भागीरथाची माय'! मग हळूच म्हणतात, "का वं... तुहं नाव काय आहे?"

नाव घ्या म्हणे! मी म्हटलं, "पोरीले शाळेत घाला, मंग सांगीन."

यांनी साहेबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "जाऊ दे तिले. शब्द देल्लो." भागीरथा तर उड्या मारतच कपडे भरायला पळाली!

मग सांगितलं. रुखमा. त्यांनी लगेच डोळे मिटले. मी पदर खोचून उभी, आता माझी बगळी होते की घुबड... अन् मनात आवाज उमटला, 'रुखमा, चहा मांड.'

आता काय बोलावं! एवढं यंत्र डोक्यावर, अन् मागितलं काय... चहा तर मी रोज न सांगताच मांडते ना, बायांनो!