उतरता खांदा आणि मंगळवार

...आणि वर तो सरकारी कारकून मलाच म्हणतो, "मंगळवारी या!" मला! अहो, तीस वर्षं शिंपीकाम करतोय, हे वाक्य आमचं आहे! तुम्हाला सांगतो, शिंपी 'मंगळवारी या' म्हणाला की खुशाल समजायचं, कापडाला अजून कात्रीसुद्धा लागलेली नाही!

प्रकरण माझ्या धाकट्या भावाचं. जहाजावर स्वयंपाकी. जहाज म्हणे परक्या हद्दीत शिरलं आणि तिथल्या पोलिसांनी उचललं सगळ्यांना. आता हा खाली भटारखान्यात कांदे चिरत होता, याला काय ठाऊक हद्द कुठं संपते? सात महिने झाले! आई रोज विचारते, "जेवला असेल का रे?" अख्ख्या जहाजाला जेवू घालणारा माणूस... काय सांगायचं तिला?

म्हणून मी परराष्ट्र खात्याच्या खिडकीवर. अहो, आपला माणूस परमुलखात अडकला तर बघायचं कुणी? सरकारनंच ना? उगाच का मायबाप म्हणतात? खिडकीतला कारकून म्हणाला, "फॉर्म भरा." भरला. "मंगळवारी या." गेलो. "साहेब रजेवर. मंगळवारी या."

त्या फॉर्मात रकाना होता, 'ओळखीची खूण'. लोक तीळ लिहितात, व्रण लिहितात. माझा हात आपला सवयीनं चालला... छाती अडतीस, कंबर बत्तीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता! कारकून हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. "अहो, भाऊ सोडवायचाय की कपडे शिवायचेत?" म्हटलं, दोन्ही! आल्यावर घालणार काय तो?

पण ऐका! तो फॉर्म पोचला तिकडच्या आपल्या वकिलातीत. तिथल्या एक बाई तुरुंगात गेल्या, तर तुरुंगवाला त्यांना म्हणाला, "या नावाचा कुणी नाहीच आमच्याकडे." दुसरं कुणी माघारी फिरलं असतं. या बाई म्हणाल्या, "सगळ्यांना रांगेत उभं करा." आणि माझा फॉर्म हातात धरून एकेकाचे खांदे बघत गेल्या हो! चौदावा... आमचा! नावच चुकीचं लिहून घेतलं होतं गाढवांनी. बाईंनी कळवलं, 'माणूस सापडला. प्रकृती बरी. कंबर अंदाजे अठ्ठावीस.'

अठ्ठावीस! आईला नाही सांगितलं. त्याच्यासाठी शिवून ठेवलेली पँट उसवली, चार इंच आत घेतली... डोळ्यांत पाणी, तुम्हाला सांगतो, शिलाई सगळी वाकडी गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा!

काल पुन्हा मंगळवार. कारकुनाला तोंडावर विचारलं, "खरं सांगा, कापड कापलंय तरी का?" हसला नाही तो. आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "कापलं, काका. शिवूनही झालं. सुटका मंजूर आहे, तिकडची एक सही तेवढी राहिली. म्हणजे तुमच्या भाषेत, काज-बटण. मंगळवारी या."

म्हटलं, येतो! नुसत्या काज-बटणासाठी चार-चार मंगळवार फिरवलंय हो मी लोकांना!