टाक्यातलं पाणी

ऐका. आन् जेवायचं राहिलं असंल तर आधी जेवून या, मागनं घास उतरायचा न्हाई.

गेल्या उन्हाळ्यात एक जोडपं आलं गाडी घेऊन. अविनाश ढमढेरे, त्याची बायको मंजिरी आन् अडीच वर्साची रेवू. सुट्टीत डोंगरातली जुनी गावं, पडके किल्ले बघत फिरत व्हते. आपल्या गडावर चढले, टाक्याच्या काठावर बसून कोंबडी हाणली. आपल्यातलं कुणीबी तिथं गेलं की पायताण काढतं, पहिली ओंजळ टाक्यातल्या बाईच्या नावानं सांडतं. ह्या बाबानं काय केलं? हाडकं पाण्यात. खरकटं पाण्यात. वर पोरीचं भरलेलं लंगोट, ते कागदी असतं बघा, तेबी पाण्यात! शी!

मी सरपण घेऊन चालले व्हते. म्हनलं, असं करू नगंस बाबा. तर हसून म्हनतोय कसा, "मावशी, हे हिरवं पाणी पितंय कोण?"

दिवस बुडाल्यावर निघाले, ते नेमके जुन्या घाटानं. ऐकताय नव्हं? आधी गाडीत वास सुटला. काचा खाली केल्या, तरी वास. रेवूनं पाणी मागितलं. बाटली उघडली, तर आत शेवाळ. दुसरी उघडली, तीबी तसलीच. पोर तहानेनं रडाय लागली. मंजिरीच्या पायाला काय तरी गार लागलं. बघती तर चघळलेली हाडकं, ओली! आन् तिथंच गाडी बंद पडली.

वळणावर एक बाई उभी, कडेवर कळशी. खिडकीशी आली. वाटी भरून पोरीच्या तोंडाशी नेली. वाटीत काय? तेच खरकटं, त्याच लंगोटाचा लगदा. आन् पोरगी तोंड उघडून पुढं! मंजिरी मागं ओढती, पोर हलंना.

बाई अविनाशला म्हनली, "तुझंच हाय. तू पितूस, का ही पिऊ दे?"

प्याला. डोळे मिटून सगळी वाटी प्याला. कसाबी असला तरी बाप व्हता.

बाई दिसंनाशी झाली, गाडी सुरू झाली. पहिला दिवा दिसला तो माझ्या घरचा. उतरला आन् माझ्या सारवलेल्या अंगणात भडाभडा ओकला. काय काय पडलं ते सांगत न्हाई. राख टाकून मीच भरलं, अजून शिसारी येती. रेवूला तांब्या दिला, घटाघटा प्याली. मग मंजिरी भीत भीत म्हनली, "मावशी, हे पाणी कुठलं?"

"गडावरच्या टाक्यातलं. सकाळी तुमच्या आधी भरलेलं. सगळं गाव तेच पितं. उद्या आमी काय प्यावं, ते तुमीच सांगा."

उजाडता अविनाश अनवाणी गडावर गेला, हातानं सगळी घाण काढली. पर बाईचा राग काय गेला न्हाई, अजून वळणावर दिसती. तवा जुन्या घाटानं जाऊ नका. आन् गेलाच, तर ओकायला माझ्या दारात येऊ नका.