आमचा कंदील, त्यांची कॅसेट

...नाही, पण मला एक सांगा, भर दुकानात कुणी दुकानदाराला म्हणतं का हो, "जरा सगळे लाइट बंद करा, मला अंधार करून बघायचंय"? आमच्या ह्यांनी म्हटलं. फोर्टातल्या फॉरेनच्या मालाच्या दुकानात, शनिवारी दुपारी, गिऱ्हाइकांची ही गर्दी! आणि हातात काय? कापडी पिशवीतून नेलेला गेल्या वर्षीचा छोटा आकाशकंदील आणि त्याच्यात पेटवलेली बॅटरी. मी बाजूला उभी, म्हणजे जितकं बाजूला उभं राहता येईल तितकं. दुकानदारानं एकदा कंदिलाकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, पूजा का सामान सामनेवाली गली में।"

तर हे सगळं कशासाठी? व्हिडिओ कॅमेरा निवडायला. दिवाळीची रोषणाई रात्री शूट करता येईल असा. आणि कॅमेरा कशाला हवा? तर समोरच्या यतीनभाईंकडे आहे म्हणून. असं मी म्हणतेय हां, हे नाही म्हणत. ह्यांना विचाराल तर हे चष्मा पुसत सांगतील, "हेवा आमच्या घराण्यात नाही."

आता तुम्हाला सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई मधूनच काय बोलतेय. आम्ही भाईंदर पूर्वेला राहतो, नीलधारा सोसायटी, दुसरा मजला. आमचे हे, आत्मारामपंत, मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरी सरकारी, आणि वर्षातून एकदा त्यांच्या अंगात येतं ते कंदिलाचं. दसरा झाला की घरात बांबूच्या कामट्या. खाटेखाली कामट्या, कपाटावर कामट्या, भात उकरायला घ्यावा तर उलथन्याला खळ लागलेली. आमची समिधा, आठवीत आहे, तिला तर पंधरा दिवस पंखा लावायची बंदी, का तर पतंगाचा कागद उडतो. पण खोटं कशाला बोलू, कंदील करावा तर ह्यांनीच. ह्या झिरमिळ्या, अशा एकसारख्या कापलेल्या की वारा आला की पाण्यासारख्या हलतात. खालून जाणारे लोक थांबून बघतात. तेवढंच हो ह्या माणसाचं. ऑफिसात ह्यांना कुणी विचारत नाही, घरात मी बोलू देत नाही, वर्षातले ते चार दिवस माणूस गॅलरीत हात मागे बांधून असा उभा राहतो की बघत राहावं.

आणि तिथं माशी शिंकली. यतीनभाईंच्या मेव्हण्यानं मस्कतहून आणला कॅमेरा. आता हे नव्वद साल आलंय, घरोघरी कलर टीव्ही आलेत, पण कॅमेरा? खांद्यावर ठेवायचा, डोळा लावायचा, लाल दिवा लुकलुकतोय... सगळी बिल्डिंग त्यांच्या मागे. गेल्या दिवाळीला त्यांनी नीलधाराची रोषणाई शूट केली आणि तुळशीच्या लग्नाच्या दिवशी कंपाउंडात टेबलावर टीव्ही ठेवून सगळ्यांना दाखवली. आम्ही पुढच्या सतरंजीवर. हे इस्त्रीचा शर्ट घालून. का? तर आज कंदील टीव्हीवर येणार.

कॅमेरा तळमजल्यापासून निघाला. जोश्यांची तोरणं आली. पहिल्या मजल्यावरचा तो प्लॅस्टिकचा बाजारी कंदील, तोसुद्धा आला, चांगला भरपूर वेळ. मग कॅमेरा वर सरकला, आमच्या गॅलरीचं ग्रिल दिसलं, दोन झिरमिळ्या दिसल्या, ह्यांनी माझा हात धरला... चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदा... आणि तेवढ्यात यतीनभाईंच्या मिसेस हंसाबेन फराळाच्या मठियाची थाळी घेऊन कॅमेऱ्यासमोर! "अरे हंसा, हाय बोल, हाय बोल!" झालं. हंसाबेन हाय बोलल्या, लाजल्या, मठिया दाखवला, कॅमेरा परत वर गेला तो थेट तिसऱ्या मजल्यावर. ह्यांनी माझा हात सोडला. मला वाईट वाटलं हो. घरी येऊन नुसतं ताक प्यायले आणि झोपले. झोपताना भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हेवा नाही गं. हेवा आमच्या घराण्यात नाही. पण ह्या माणसाला फ्रेमिंगचं ज्ञान नाही."

फ्रेमिंग! हा शब्द आमच्या घरात तेव्हा आला. मग त्याच्यामागून झूम आला, ऑटोफोकस आला, लक्स आला. लक्स म्हणजे म्हणे कमी उजेडात किती दिसतं ते. वर्षभर, सांगते तुम्हाला, वर्षभर हा माणूस रात्री गॅलरीत उभा राहून हाताच्या बोटांची चौकट करून रस्त्यावरचे दिवे बघायचा. खालून वॉचमन हात हलवायचा, त्याला वाटायचं साहेब बोलावतायत. समोरून यतीनभाई विचारायचे, आणि विचारायचे किती गोड, "आत्मारामभाई, कॅमेरा लेना है? अरे हमारा है ना, ले जाव, घर का ही है।" आता ह्याच्यावर माणसानं काय करावं? एखादा खडूस शेजारी असता तर हेवा करायला बरं पडलं असतं. पण हे इतके चांगले की हेवासुद्धा नीट करता येत नाही! ह्यांनी छाती काढून सांगितलं, "नको नको, हम बघतोय, खुद का ही लेंगे।"

म्हणून ते फोर्टातलं दुकान. आणि एक नाही, तीन दुकानं. प्रत्येक ठिकाणी कंदील काढायचा, बॅटरी पेटवायची, मला तो हातात धरून दुकानभर चालवायचं आणि ह्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावून ओरडायचं, "जरा डावीकडे, जरा हलव, वारा आल्यासारखा हलव." तिसऱ्या दुकानात एक पसंत पडला. काळा, लहानसा. ह्यांनी किंमत विचारली. दुकानदारानं सांगितली. दुसऱ्याचं तान्हं बाळ परत देतात ना, तसा ह्यांनी तो कॅमेरा काउंटरवर ठेवला. बाहेर आलो तर म्हणाले, "झूमचा आवाज फार करतो."

मग आला लवू. इथल्याच डोंगरी गावचा लवू, लग्नाची शूटिंगं करतो. त्याचा कॅमेरा म्हणजे काय, शिलाई मशीन उचलून खांद्यावर घेतल्यासारखं. पण लक्ष्मीपूजनाला लग्नं नसतात, तेव्हा एका संध्याकाळपुरता भाड्यानं द्यायला तयार झाला. मी म्हटलं, "अहो, यतीनभाई फुकट देतायत तो नको आणि हा भाड्याचा चालतो?" तर म्हणाले, "भाड्याचा म्हणजे तेवढ्या वेळापुरता आपलाच." बरं, लवूला म्हणाले, रोषणाईचं शूटिंग आहे, अंधारात येईल ना नीट? लवू म्हणाला, "काका, रातचा शूटिंग हाय ना? मंग हॅलोजनबिगर न्हाय जमायचा. मी हळदी सगल्या हॅलोजनवर काढतंय, येकदम दिवस वाटतंय." आणि दिला की भला मोठा हॅलोजन! मी आपलं विचारलं, "अहो, दिव्यांचं शूटिंग करायचं आणि त्याच्यावर दिवा कशाला मारायचा?" तर ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं... "तुला लक्समधलं काय कळतं?"

नाही कळत. ठीक आहे.

लक्ष्मीपूजन झालं. सगळी नीलधारा झगमगतेय, प्रत्येक गॅलरीत तोरणं, जिन्यात तोरणं, पाण्याच्या टाकीलासुद्धा तोरण. हे खाली कंपाउंडात, खांद्यावर ते मशीन. हॅलोजन कशाला बांधला होता? यतीनभाईंच्या स्कूटरच्या आरशाला! आणि त्याची वायर वर आमच्या गॅलरीत, कारण प्लग तिथं. आता आमच्या गॅलरीत प्लग एकच. त्याच्यावर कंदील. खालून हुकूम आला, "अगं, कंदिलाची पिन काढ, हॅलोजनची लाव!" म्हटलं, अहो, ज्याच्यासाठी एवढं चाललंय तोच विझवू? "दोन मिनिटं गं! हॅलोजनच्या उजेडात दिसेल तो!"

काढली पिन. कंदील काळा पडला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरचा कंदील काळा, माझ्यानं बघवेना. देव्हाऱ्यापुढची पणती उचलली, वाटीत ठेवली, कंदिलाच्या मधल्या फळीवर अलगद बसवली. आमच्या आईकडे असाच लावायचो. मग हॅलोजनची पिन लावली आणि बटण दाबलं.

एवढा उजेड झाला, एवढा उजेड झाला की सगळी रोषणाई दिसेनाशी झाली. तोरणं गेली, कंदील गेले, नुसती पांढरी भिंत आणि तिसऱ्या मजल्यावरचे वाळत घातलेले लेंगे. मग खाली मेनबोर्डात फाट् करून आवाज. आणि काळोख. सगळी नीलधारा काळीकुट्ट. पोरं ओरडली, जोशी ओरडले, हे तर कॅमेऱ्यासकट धावतायत, "फ्यूज! फ्यूजचा डबा कुठंय?"

आणि त्या काळोखात वर काय, तर आमचा कंदील. एकटा. पणतीचा तो पिवळा, हलता उजेड, झिरमिळ्या सुळसुळतायत. खाली सगळ्यांच्या माना वर. एकच माणूस त्या वेळी शांतपणे उभा होता, खांद्यावर कॅमेरा, लाल दिवा लुकलुकतोय. यतीनभाई.

ह्यांनी काय शूट केलं विचारू नका. बटण बंद करायचं राहिलं होतं. लेंगे, आणि त्यापुढे नुसता काळोख आणि ह्यांचा आवाज.

तुळशीचं लग्न झालं, परत तेच टेबल, तोच टीव्ही. आणि कंदील आला हो! भरपूर वेळ आला, जवळून आला, एकेक झिरमिळी मोजून घ्या. कंपाउंडात टाळ्या. "वा यतीनभाई, क्या शूटिंग किया है!" "फॉरेनचा कॅमेरा तो फॉरेनचाच!" हंसाबेन तर माझा हात धरून म्हणाल्या, "उर्मिलाबेन, अगले साल भी लाइट ऐसे ही बंद करना हां, बहोत मस्त आता है।"

मला वाटलं, आता हे जेवत नाहीत. पण नाही! यतीनभाईंनी दुसऱ्या दिवशी कॉपी आणून दिली, वर चिकटवलेलं, 'यतीन की दिवाली'. हे खूश! कुणाचातरी व्हीसीआर आणून रात्रंदिवस तेच. "बघ, फ्रेमिंग बघ. झिरमिळ्या बघ. कॅमेरा चांगला आहे हो ह्याचा." म्हटलं, अहो, कंदील तुमचा, फ्यूज तुम्ही उडवलात आणि टाळ्या त्यांना? तर चष्मा पुसत म्हणाले, "अगं, आला ना कंदील? हेवा आमच्या घराण्यात नाही."

बरोबर आहे. ह्यांचा कंदील आला, त्यांचं नाव आलं, हंसाबेननी कौतुक केलं, स्कूटरचा आरसासुद्धा आला कॅसेटमध्ये. आणि पणती? ती कुणी लावली, एक माणूस विचारत नाही. हेही नाही. हेवा ह्यांच्या घराण्यात नसेल हो... पण मी त्या घराण्यात फक्त लग्न करून आलेय.