खुंटीला लागलेली लोकर

माझा जन्म नेमका कुठला ते मला छातीठोक सांगता येत नाही. कागदावर माण तालुक्यातलं आमचं गाव आहे, पण ते काही खरं नाही, आई सांगायची की तुझी नाळ पाटणच्या वाटेवर एका शेतकऱ्याच्या वावरात पुरलीय, आदल्या दिवशी तिथं मेंढरं बसवली होती, त्या शेतकऱ्याच्या बायकोनं पाणी तापवून दिलं, एक जुनं लुगडं दिलं, आणि तिसऱ्या दिवशी मला पाटीत घालून आमची माणसं पुढं निघाली. आम्ही धनगर. दिवाळी झाली की संसार घोड्यावर बांधायचा आणि मेंढरं घेऊन खाली निघायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. आता मेंढरं बसवायची म्हणजे काय, तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला ठाऊक नसणार. संध्याकाळी कुणाच्या तरी रानात जाळीची वाघर उभी करायची, मेंढरं आत घालायची, सकाळपर्यंत त्या रानाला खत मिळतं आणि आपल्याला दोन पायल्या ज्वारी. दुसऱ्या दिवशी दुसरं रान. एका जागी फार दिवस बसवायची नाहीत, आबा म्हणायचे, जमीन पण दमती.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांना लिहायला वाचायला येत नाही, पण दीडशे मेंढरांतली एक कमी असली तर न मोजता सांगतील.

मी आठेक वर्षांची असेन, तेव्हाची एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. एकदा मेंढरं बंद जंगलात शिरली. आत गवत होतं, बाहेर नव्हतं, मेंढराला काय कळतंय पाटी वाचायला. तिथला गार्ड आला. त्याच्याकडं एक लांबडी वही होती, तो बोलतच नव्हता, नुसता लिहीत होता, आणि आबा त्याच्या समोर हात जोडून उभे होते. मग त्यानं आबांचा अंगठा घेतला. काय लिहिलंय ते आबांना कळलं नाही, मला पण सगळं वाचता आलं नाही, मी नावाला दुसरीत होते, अर्धं वर्ष मेंढरांमागं. जाताना त्यानं आमचा चांगला एडका नेला, तो कुठल्या कायद्यात बसत होता देव जाणे. त्या दिवशी आबांनी ठरवलं की ही शिकणार, आणि मला गावात आत्याकडं ठेवलं.

शिकले मग. शेतकीची पदवी घेतली, तिथल्या एका सरांनी सांगितलं की न्यूझीलंडमध्ये नुसत्या गवताचं शिक्षण मिळतं, मेंढरांच्या पोरीला आणखी काय पाहिजे. इथं आले, पहाटे उठून गाई पिळल्या, अभ्यास केला, हळूहळू रेसिडेन्सी झाली, लग्न झालं, ईशा झाली. आता तिमारूत राहतो आणि माझं काम आत मॅकेन्झीच्या डोंगरात. ही जमीन सरकारची. शेतकरी पिढ्यान् पिढ्या भाडेपट्ट्यानं मेंढरं चारतात, पण कुठल्या तुकड्यात किती मेंढरं, कुठल्या महिन्यात, त्याला परवानगी लागते, आणि गवत किती सोसेल ते बघून मी सांगायचं. डोंगरावर लोखंडी खुंट्या ठोकलेल्या असतात, दोन खुंट्यांमध्ये पन्नास मीटरची टेप ताणायची, प्रत्येक मीटरला खाली काय आहे ते लिहायचं, गवताचा झुपका, तण, दगड, उघडी माती. त्याच खुंटीवरून दरवर्षी तोच फोटो काढायचा. हेच काम. वारा असा असतो की टेप हातातून नेतो, पण मला आवडतं.

नोकरी लागली तेव्हा आबांना फोन केला. डोंगरात कोण किती मेंढरं चारतंय त्यावर लक्ष ठेवायचं आणि लिहायचं, असं काहीतरी मी सांगितलं असेल. आबा म्हणाले, म्हंजी गार्ड. मी हसले, आबा, तसं नाही हो. ते म्हणाले, बरं बरं, चांगलं हाय, सरकारी हाय. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण काय सांगू तुम्हाला, तो शब्द माझ्या अंगाला कुसळासारखा चिकटला तो निघेचना.

आता कॉलिनचं सांगते. सत्तरी ओलांडलेला माणूस, बायको गेलेली, मुलगी मेलबर्नला, हा आणि तीन कुत्री. त्याच्या जमिनीत वर एक उंच डोंगर आहे, इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारी ते मार्च, मेंढरं तिथं जातात, तो तुकडा गेला की त्याचा सगळा गाडा अडतो, खाली तेवढं गवतच नाही. त्या डोंगरावर माझी एक लाइन होती, म्हणजे तशा दोन खुंट्या, मीच पाच वर्षांपूर्वी ठोकलेल्या. आणि दरवर्षी तिचा फोटो आधीच्या वर्षाहून वाईट. झुपके कमी, माती जास्त. कॉलिन बोलायचा नाही. मी गेले की गेट उघडायचा, हवा कशी आहे ते सांगायचा, स्वीट ॲज म्हणायचा, म्हणजे सगळं झकास, आणि शेडमध्ये निघून जायचा. मी पण विचारलं नाही. त्या वर्षी मी ठरवलं होतं की आता एकदा मोजते आणि लिहून टाकते, हा डोंगर मेंढरांना बंद करा. खरं सांगते, वाईट वाटत होतं, पण गवताची बाजू कुणीतरी घ्यायला पाहिजे ना.

त्याच वर्षी आबा आले. आई गेली होती, मेंढरं चुलतभावाला देऊन टाकली होती, घरात नुसते बसून असायचे, मी म्हटलं सहा महिने या. ऑकलंडच्या विमानतळावर त्यांचं घोंगडं उलगडलं, त्यात माणदेशाची कुसळं अडकलेली, तर बाहेरचं बी देशात येऊ नये म्हणून एक बाई चिमट्यानं एकेक कुसळ काढत बसली, आणि वहाणांना माती होती म्हणून त्या धुऊन आणून दिल्या. आबा सगळ्यांना सांगायचे, आयुष्यात माझ्या वहाणा कुणी धुतल्या न्हाईत, हितं सरकारनं धुतल्या. तिमारूत मात्र त्यांचा जीव रमेना. ईशा त्यांना सगळं विचारायची पण इंग्लिशमध्ये, ते मराठीत उत्तर द्यायचे, दोघांचं बरं चाललं होतं, पण ती शाळेत गेली की हे खिडकीत. मग मी ऑफिसात विचारलं, फॉर्म भरला, आणि फेब्रुवारीत आबांना घेऊन कॉलिनच्या डोंगरावर गेले. अंगात ऑफिसचं पिवळंधमक जाकीट, खांद्यावर घोंगडं.

यूट, म्हणजे आमची मागं उघडी असलेली गाडी, थांबते तिथून वर तासभर चढ. आबा माझ्याआधी पोचले. मी खुंटीपाशी गेले, खुंटीला लोकर अडकली होती, ती ओढून काढली, टेप लावली, लिहायला बसले. आबा इकडंतिकडं फिरत होते, उकिडवे बसत होते, लेंड्या उचलून चोळून बघत होते. मग माझ्यापाशी आले आणि म्हणाले, ती लोकर का काढलीस गं. मी म्हटलं, फोटोत चांगली दिसत नाही, दरवर्षी काढते. दरवर्षी आसती व्हय, म्हणाले. म्हटलं हो. तर हळूच म्हणाले, मंगल, तू ही पट्टी मेंढरांच्या बसायच्या जागी लावलीयास.

मला आधी रागच आला. म्हटलं आबा, असं काही नसतं, ही जागा नकाशावरून ठरते. ते म्हणाले, आसंल बाबा, पण थांब दिवस मावळंस्तवर.

थांबलो. बाजरीची भाकरी आणि ठेचा आणला होता, ऑकलंडजवळच्या पापाटोएटोहून मैत्रिणीनं पीठ पाठवलं होतं, ते खाल्लं. आबांना एकच कोडं पडलं होतं की इथं सूर्य उत्तरेकडून कसा जातो, पण तेवढ्यात त्यांनी हाताचा आडोसा करून सांगून टाकलं की सकाळचं पहिलं ऊन ह्या माळावर पडत असणार आणि वारं मागच्या खडकाला अडत असणार. ऊन कलायला लागलं तशी मेंढरं खालून निघाली, कुणी हाकलली नाहीत, एकामागोमाग एक, ओळीनं, आम्हाला बघून जरा थबकली, आम्ही खडकामागं सरकलो तर वर आली आणि माझ्या लाइनीवर बसली. सगळी. एक म्हातारी मेंढी माझ्या खुंटीला मान घासत उभी राहिली.

सगळ्या डोंगरावर चरायचं आणि रोज संध्याकाळी ह्या एवढ्याशा माळावर येऊन बसायचं, मग इथली माती तुडवली जाणार नाही तर काय. आणि मी पाच वर्षं एवढ्या माळाला डोंगर समजत होते. डोंगर बंद करा म्हणून लिहायला निघाले होते. आणि चूक कशी झाली ते पण मला आठवलं. नकाशावरची मूळ जागा घसरत्या दगडांत पडली होती, तिथं खुंटी उभी राहीना, नियम असा की मग जवळची योग्य जागा घ्या. मी वर चढले, ह्या माळावर आले, दप्तर टाकलं, वारा नव्हता, ऊन होतं, म्हटलं हीच जागा बरी. दुसऱ्या कुणाचे पाय तिथं वळले नसते बघा. लहानपणी तळ पडायचा तो असल्याच जागी, माझे पाय तिथं गेले आणि मी त्याला योग्य जागा म्हणाले. इतकं शिकून मी मेंढरासारखी जाऊन बसले होते.

खाली आलो तर कॉलिन गेटपाशी. त्यानं चहाला आत बोलावलं, मला वाटतं आबांना बघून, मला एकटीला त्यानं कधी बोलावलं नव्हतं. दोघं म्हातारे समोरासमोर बसले, आबांनी बशीत ओतून चहा घेतला, कॉलिननं बघून न बघितल्यासारखं केलं. मी त्याला सगळं सांगितलं, माझी लाइन चुकीच्या जागी आहे म्हणून. तेव्हा आबा म्हणाले, त्याला इचार, हे त्याला ठाऊक हुतं का. मी विचारलं. कॉलिन आपल्या बुटांकडं बघत म्हणाला, हो, पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, अरे मग सांगितलं का नाहीस, तुझा डोंगर जात होता. तो म्हणाला, तू विचारलं नाहीस, तू येतेस आणि लिहितेस. आणि सांगितलं असतं तर म्हातारा आपल्या सोयीचं बोलतोय असंच तू लिहिलं असतंस ना. मी आबांना त्याचं मराठी करून सांगितलं. आबा म्हणाले, बरोबर हाय त्याचं. वहीवाल्याला कोण काय सांगतंय.

त्यांनी मला लावून म्हटलं नव्हतं. पण मला आमचा एडका आठवला, आणि मला रडू आलं. कॉलिन उठून बिस्किटांचा डबा शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि साहेबांना म्हटलं, माझी पाच वर्षांची ती लाइन धरू नका, जागा मी चुकीची निवडली. इथं बाहेरून आलेल्या माणसाला चूक कबूल करायची म्हणजे दुप्पट भीती. ते म्हणाले, लेखी दे आणि नव्या लाइनी लाव. लावल्या. तीन लाइनी, उतारावर, आणि आता प्रत्येक जागा ठरवताना कॉलिनला सोबत घेतलं. निघालं ते मधलंच. डोंगर मी म्हणत होते तेवढा वाईट नव्हता आणि कॉलिनला वाटत होता तेवढा चांगला पण नव्हता. मेंढरं थोडी कमी झाली, पण डोंगर उघडा राहिला. आबांनी जाता जाता सांगितलं, मेंढरं एकाच जागी बसू दिऊ नका, बसायची जागा हलवा. एवढ्या डोंगराला वाघर कुठून लावायची, तर कॉलिननं माळाच्या कडेनं कुंपण घातलं आणि मेंढरांनी चाटायचे मिठाचे खडे खाली वेगवेगळ्या जागी ठेवायला लागला. सगळी मेंढरं ऐकतात असं नाही, पण बरीच ऐकतात.

आबा एप्रिलमध्ये परत गेले. माझ्या कपाळाला भंडारा लावला, घोंगडं कॉलिनला दिलं. धुऊन, कुसळं काढून.

आता तीन वर्षं झाली. मी अजून तेच काम करते, लिहिते पण तेच, कधी कधी एखाद्याचा डोंगर बंद करा असं पण लिहावं लागतं, गवताला तोंड नाही, त्याचं कुणीतरी बोलायला पाहिजे. फक्त गेटपाशी उतरले की वही आत ठेवते आणि आधी विचारते, तुम्हाला काय दिसतंय. कुणी सांगतं, कुणी नाही. खुंटीला लोकर असली तर ती पण लिहून घेते.

गेल्या महिन्यात कॉलिनचा फोन आला, आपण होऊन. म्हणाला, मागच्या अंगाला, जिथं तुझी एकही खुंटी नाही, तिथं तण पसरतंय, माती उघडी पडतेय, मला वाटतं तू येऊन बघावंस, कदाचित तेवढा भाग मला सोडावा लागेल. मी म्हटलं, कॉलिन, मी लिहिलं तर तुझंच नुकसान आहे. तो म्हणाला, ठाऊक आहे, म्हणून तर तुला सांगतोय.

त्या रविवारी आबांना हे सांगितलं. त्यांना आता कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. त्यानं सोताहून सांगितलं, त्यांनी विचारलं. म्हटलं हो आबा, स्वतःहून. त्यांनी मागच्या कोंबड्यांना हुसकावलं. मग म्हणाले, मग तू गार्ड न्हाईस बग. आणि म्हणाले, ईशाला दे जरा फोन.