चव्वेचाळीस छातीचा पट्टा

माझं नाव प्रज्ञा कांबळे, माहेर विश्रांतवाडी, सासरही विश्रांतवाडी, मधे फक्त एक नाला, त्यामुळे वरातीला फार चालावं लागलं नाही. वडील शटरिंगचे सुतार, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खालून जो फळ्यांचा साचा ठोकतात ना, तो ठोकणारे. नगरकडून आले आणि इथलेच झाले. अर्ध्या पुण्याच्या छतांना माझे खिळे आहेत असं सांगायचे, आता साचा नंतर काढून टाकतात हो, पण त्यांना कोण सांगणार. एकदा दुसऱ्या मजल्यावरून ते खाली आले, डावा पाय कायमचा आखडला, पण पडलो हा शब्द त्यांनी आयुष्यात वापरला नाही, म्हणायचे, त्या दिवशी मी जरा लवकर उतरलो. आई घरी ब्लाउज शिवायची, अजून शिवते, डोळ्यांचं ऑपरेशन होऊनसुद्धा. मी सिव्हिल इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली तेव्हा आई म्हणाली, तुजा बाप उतरला तेवढं बास न्हाई का, तू कशाला चढतीस.

पण चढले. आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्या साईटवर पहिल्या दिवशी कळलं की बांधकामात बाईला सगळ्यात मोठा धोका उंचीचा नाही, मापाचा आहे. सेफ्टी शूज सात नंबरापासून पुढे. माझा पाय चार. स्टोअरकीपर म्हणाला, मॅडम दोन मोजे घाला. दोन घातले, मग तीन घातले, मग पुढे कापड कोंबलं, आणि तशीच स्लॅब ओतायच्या दिवशी ओल्या काँक्रीटमधून निघाले, मी पुढे गेले आणि बूट मागे राहिला. शंभर माणसं काम थांबवून बघतायत, आणि मी एका पायावर उभी. काँक्रीट टाकणाऱ्या राधाबाईंनी तो बूट उपटून दिला आणि म्हणाल्या, बाई, हा तुमचाच का तुमच्या मालकाचा?

पण बुटाचं एक असतं, फार तर हसं होतं. पट्ट्याचं तसं नाही. मी बोलतेय तो खांद्यावरून आणि मांड्यांतून घ्यायचा सेफ्टी बेल्ट, उंचावर काम करताना माणूस घसरला तर तो धरतो. ही माझी पहिली साईट म्हणजे सिंहगड रोडच्या बाजूला एक टॉवर, अठरा मजले, वर गेलं की हवा स्वच्छ असेल तेव्हा लांबवर खडकवासल्याचं पाणी दिसायचं, आणि बाहेरच्या प्लास्टरची तपासणी माझ्याकडे आली. ती करायची झुल्यावरून, म्हणजे गच्चीवरून तारेने सोडलेला लोखंडी पाळणा असतो त्यात उभं राहून. पट्टा चढवला, सगळे बक्कल शेवटच्या भोकापर्यंत ओढले, तरी खांद्यावरून घसरतोय आणि मांडीपाशी आणखी एक प्रज्ञा मावेल एवढी जागा.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर दामले साहेब, सदाशिव पेठेतले, अंगाने माझ्याएवढेच, पाच फूट दोन इंच आणि वजन बहुतेक चष्म्याचंच. कुणालाही अहो-जाहो करूनच कापायचे. मी म्हटलं, साहेब, हा पट्टा मला मोठा होतो, मी झुल्यावर जाणार नाही. ते म्हणाले, आपण साईटवर आलात की साडीच्या दुकानात? म्हटलं, साहेब, पट्ट्यातून निसटून पडले तर? ते म्हणाले, सोमवारी तपासणी आहे, आपला नकार सकारण लेखी द्या, नाहीतर आपल्या जागी मी दुसरा माणूस बघतो. दुसरा माणूस म्हणजे नोकरी गेली, हे मला न सांगताच कळलं.

त्या रविवारी मी पट्टा घरी घेऊन आले. आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, आण हिकडं, मशिनीवर दोन टिपा मारून देते. मी ओरडलेच. म्हटलं आई, याला सुई लावायची नसते, एक टाका जरी पडला तरी पट्टा बाद होतो. आईला राग आला, चाळीस वर्षांत तिच्या शिलाईला बाद कुणी म्हटलं नव्हतं. म्हणाली, मग घाल अंगात, बघू तरी. मी स्वयंपाकघरात पट्टा चढवून उभी, आई तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती टेप घेऊन फिरतेय, वडील खाटेवर पाय लांब करून बघतायत.  मग वडील म्हणाले, आमच्या वेळी हे नव्हतंच. असतं तर मी त्या दिवशी वरच राहिलो असतो. 

मग आईने तिच्या ब्लाउजच्या वहीतलं पान फाडलं आणि मापं लिहून दिली. छाती चव्वेचाळीस धरून बेतलंय, गिऱ्हाईक बत्तीस. मुंढ्यात ढगळ. खांदा उतरतो. मांडीत फार सैल. आणि खाली, जसं ती बायकांना लिहून देते तसं, हे घालून गिऱ्हाईक पडणार, आमची जबाबदारी नाही.

सोमवारी मी तेच पान माझ्या नकाराला टाचून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, हे टेलर कोण? म्हटलं, आमची आई. ते म्हणाले, आपल्या मातोश्री स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत का? तेव्हा माझं डोकं सटकलं. म्हटलं, चला साहेब खाली, दाखवतेच.

तळमजल्यावर बीमला सामान उचलायची चेन पुली लावलेली होती, खाली वाळूचा चांगला कमरेएवढा ढीग. मी पट्टा घातला, पाठीची कडी चेनच्या हुकात अडकवली, राधाबाईंना म्हटलं ओढा, त्यांनी मला वाळूवर हातभर उचललं, मी दोन्ही हात वर केले, आणि उसातून रस निघावा तशी पट्ट्यातून निघून वाळूत बसले. पट्टा वर एकटाच हलत होता.

साहेब म्हणाले, आपण मुद्दाम निसटलात. पट्टा नीट घातला तर असं होत नाही. द्या इकडे. आणि माणूस खरंच घालायला लागला हो, कोट काढला, चष्मा नीट केला, बक्कल तीन-तीनदा तपासले आणि राधाबाईंना म्हणाले, ओढा. राधाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्यांनी ओढलं. आधी साहेबांचा एक खांदा सुटला. मग दुसरा. मग कमरेतून सगळं फिरलं आणि साहेब डोकं खाली, पाय वर, मांडीच्या पट्ट्यात अडकून वटवाघळासारखे लटकले, चष्मा वाळूत.  आणि तसेच उलटे, अगदी शांत आवाजात म्हणाले, कांबळे, आपला मुद्दा लक्षात आला. आता उतरवा.

खरं सांगते, असलं लटकून बघणं चूकच होतं, मान मोडली असती कुणाची तरी. आज मी सेफ्टी ऑफिसर आहे आणि पोरींना सांगते, प्रयोग करू नका, काम थांबवा, लिहून द्या. पण त्या दिवशी दुपारी तपासणी रद्द झाली आणि आठवड्यात लहान मापाचे सहा पट्टे आले. चार मला धरून आम्हा बायकांना, एक बारीक अंगाच्या वेल्डरला, आणि एक साहेबांनी गुपचूप स्वतःच्या कपाटात ठेवला. आईचं पान त्यांनी मागणीपत्राला तसंच जोडलं होतं. झुल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा भीती वाटली, खोटं कशाला बोलू, पण पट्टा अंगाला घट्ट होता, त्यामुळे भीती नुसती भीतीच राहिली.

आता दुसऱ्या साईटवर आहोत, बावीस मजले, साहेब तेच. माझ्या हाताखाली तीन मुली आहेत आणि बायकांचा संडास एकच, तळाला. लिफ्ट जेवणाच्या सुट्टीत बंद. पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, एक परवा उन्हात चक्कर येऊन बसली, कडेपासून चार पावलांवर. मी साहेबांना लिहिलं, वर संडास पाहिजे. उत्तर आलं, आता यातही लटकून दाखवणार का? मी लिहिलं, नाही साहेब, आपण फक्त आठ वाजता वर या, दोन बाटल्या पाणी प्या आणि माझ्याबरोबर दोनपर्यंत थांबा.  आज सकाळी दोनच शब्द आले, दहावा मजला. मी उत्तर पाठवलंय, अठरावा.

बघू कुठे जमतंय. चौदाव्यावर जमलं तरी मी पुढचं भांडण सोडणार नाही, एवढं त्यांना माझ्याबद्दल माहीत झालंय. पोरी म्हणतात, मॅडम तुम्ही भांडता फार. भांडते बाई. तुम्ही पाणी प्या, पोटभर प्या, आणि संध्याकाळी जिन्याने घरी जा सगळ्या, माझ्या वडिलांसारखं लवकर उतरू नका. माझी राउंडची वेळ झाली. येते मी.